आधी पाठ, मग फोन: केंद्रात शिक्षकांची तंत्रज्ञान कार्यशाळा कशी घ्यावी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, तंत्रज्ञानाची कार्यशाळा ठरली, की पहिला प्रश्न येतो तो ‘कोणकोणती अ‍ॅप दाखवायची?’ हा. तो प्रश्न शेवटी घ्या. दिवसभरात दहा-बारा अ‍ॅप बघून घरी गेलेले गुरुजी सोमवारी वर्गात त्यातले एकही उघडत नाहीत, कारण कुठल्या पाठात, नेमके कशासाठी ते लागणार हे ठरलेलेच नसते. एकच पाठ निवडा. तो प्रत्येक गटाने स्वतःच्या हाताने तयार करायचा आणि दुपारी इतरांसमोर घेऊन दाखवायचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. त्यातले या कार्यशाळेचे सहा तास भाषण ऐकण्यात जाऊ नयेत.

आठवडाभर आधीची तयारी

प्रत्येक शाळेला चार गोष्टी विचारा: चालू स्थितीतली उपकरणे कोणती, वीज साधारण कधी जाते, मोबाइलला रेंज कुठे मिळते आणि येत्या महिन्यातला शिकवायला अवघड वाटणारा पाठ कोणता. ‘डिजिटल शाळा’ असा फलक आहे म्हणजे टीव्ही चालतो असे धरू नका. मुख्याध्यापकांना तो लावून बघायला सांगा. कार्यशाळा शक्यतो शिक्षण परिषदेच्या, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या ठरलेल्या बैठकीच्या दिवशीच ठेवा. द्विशिक्षकी शाळेतले दोन्ही शिक्षक परिषद सोडून आणखी एखाद्या दिवशी बोलावले, तर तिथली शाळाच बंद पडते.

एका वेळी वीस ते चोवीस शिक्षक पुरेत. चौघांचा एक गट, दोन गटांमागे एक फिरता मार्गदर्शक. गट मिसळून करा आणि एक नियम कडकपणे पाळा: ज्याला येते त्याने फोनला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचे. हा नियम नसेल, तर प्रत्येक गटातला एक तरुण शिक्षक सगळे पटापट करून टाकतो आणि निवृत्तीला पाच वर्षे उरलेल्या बाई नुसत्या मान हलवतात. कार्यशाळा खरी त्या बाईंसाठी आहे.

नेट मिळणार नाही असे धरूनच तयारी करा. लागणारी सगळी सॉफ्टवेअर, चित्रफिती आणि फाइली दोन पेनड्राइव्हवर घ्या. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड शासनाच्या दीक्षा अ‍ॅपने उघडतात. त्याखालचा सहा अक्षरांचा कोड हाताने टाइप करूनही तोच आशय मिळतो. पान ओलावून कोड पुसट झाला असेल, तेव्हा हा मार्ग कामी येतो. रेंजच्या ठिकाणी आशय आधीच उतरवून ठेवला, की वर्गात नेटशिवाय चालतो.

नमुना पाठ: भरती-ओहोटी

किनाऱ्यावरच्या केंद्राला भूगोलातला भरती-ओहोटीचा पाठ चांगला. इथे शिक्षकांना पहिली गोष्ट सांगायची ती ही, की समुद्राकाठच्या मुलांना समुद्राची चित्रफीत दाखवू नका. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) म्हणजे काय आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) म्हणजे काय, हे कोळीवाड्यातल्या मुलाला सर सांगण्याच्या आधीपासून ठाऊक असते. त्याला दिसत नाही ते सूर्य, चंद्र आणि पृथ्वीचे एकमेकांपासूनचे स्थान. पडदा तेवढ्यासाठीच लावायचा.

त्यासाठी स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या. एकदा टाकले की नेट लागत नाही. एफ-६ दाबून आपले गाव किंवा जवळचे शहर निवडा. एफ-५ ने अमावास्येची तारीख आणि दुपारी बाराची वेळ द्या. ए दाबले की वातावरण जाते, आकाश काळे होते आणि सूर्याशेजारी चंद्र दिसतो. जी दाबले की जमीन जाते. आता बरोबरच्या चिन्हाची (=) कळ दाबत जा. प्रत्येक वेळी एक दिवस पुढे सरकतो आणि चंद्र सूर्यापासून सुमारे १२ अंश दूर जातो. सात-आठ वेळा दाबल्यावर तो सूर्याशी साधारण काटकोनात येतो, म्हणजे अष्टमीच्या आसपास. इथे थांबा आणि गटाला विचारा, ‘आज समुद्राला उधाण असेल की भांग?’ उत्तर आल्याशिवाय पुढची कळ दाबायची नाही. बहुतेक जण इथे चुकतात, भराभर पौर्णिमेपर्यंत जातात. मुलांनी अंदाज बांधायच्या आतच उत्तर पडद्यावर आले, तर पाठ फुकट गेला.

दुसरा भाग तक्त्याचा. भरतीची वेळ काढायची जुनी रीत तिथीच्या पाऊणपटीची आहे: पक्षातल्या तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीचा ढोबळ तास मिळतो. चतुर्थीला तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. स्प्रेडशीटच्या (एक्सेलसारख्या तक्त्याच्या) पहिल्या स्तंभात १ ते १५ तिथी लिहायच्या, दुसऱ्यात तिथीला ०.७५ ने गुणणारे सूत्र एकदा लिहून चौकटीच्या कोपऱ्याला धरून खाली ओढायचे. पहिल्यांदाच सूत्र लिहिणाऱ्या शिक्षकाला पंधराही उत्तरे एकदम भरलेली दिसतात, तिथे स्प्रेडशीटची भीती बरीच जाते. एक चूक मात्र हमखास होते: पंचमीचे उत्तर ३.७५ येते आणि ते ‘तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटे’ असे वाचले जाते. ०.७५ तास म्हणजे ४५ मिनिटे, वेळ पावणेचार. ही चूक आधी सांगू नका, होऊ द्या. दशांश अपूर्णांकाचा पाठ तिथेच होऊन जातो.

तिसरा भाग छायाचित्रांचा. जेट्टीचा किंवा पुलाचा एखादा खांब ठरवून एकाच जागेवरून, दिवसाउजेडी दर अर्ध्या तासाने फोनने फोटो काढून ठेवा. हे काम मार्गदर्शकाने आधी करायचे. नंतर शाळेत करायचे झाल्यास सोबत मोठे माणूस असेल तरच, आणि पावसाळ्यात मुळीच नाही. फोटोच्या तपशिलात वेळ असते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की ती माहिती निघून जाते. त्यामुळे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटोतली भरतीची वेळ आणि पाऊणपटीची वेळ तंतोतंत जुळणार नाही. खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा लागते, किनाऱ्यावर उत्तरेला-दक्षिणेलाही वेळ बदलते. फरक का पडला, ही चर्चा पाठातली सर्वात मोलाची वीस मिनिटे आहेत आणि तेव्हा पडदा बंद असावा.

शिक्षकांनी एका प्रश्नाची तयारी करूनच वर्गात जावे: चंद्र तर एका बाजूला, मग दिवसातून दोनदा भरती का? चंद्राच्या बाजूचे पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त ओढले जाते, पलीकडच्या बाजूचे कमी. म्हणून दोन्हीकडे फुगवटा येतो. फळ्यावर एक वर्तुळ आणि लहान-मोठे तीन बाण काढले तरी हे समजते. इथे अ‍ॅनिमेशनपेक्षा खडू बरा.

डोंगरपट्ट्यातल्या केंद्राला हा पाठ दूरचा वाटेल. तिथे विद्युत परिपथाचा घ्या. फेट (PhET) प्रकल्पाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहेत आणि उतरवून नेटशिवाय चालतात. सोबत खरा बल्ब, खरी वायर आणि सेल हवेतच.

जोडणी करताना अडते कुठे

यासाठी जेवणाआधीचा पाऊण तास राखून ठेवा आणि प्रत्येकाला आपापला फोन टीव्हीला जोडायला लावा. वायरने जोडायचे तर फोनच्या टाइप-सी खाचेतून चित्र बाहेर जाण्याची सोय लागते. स्वस्त फोनमध्ये ती बहुधा नसते, मग कितीही महाग केबल आणली तरी पडदा काळाच राहतो. विकत घेण्याआधी दुकानात आपल्याच फोनवर लावून बघा. बिनवायरी मिराकास्टला इंटरनेट लागत नाही, फोन आणि टीव्ही दोघांत ती सोय असली की झाले. लॅपटॉपवरून पडद्यावर काही येत नसेल, तर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा.

पेनड्राइव्ह टीव्हीला दिसत नसेल, तर तो एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट करा. आधी आतले सगळे दुसरीकडे काढून घ्या, कारण फॉरमॅट केले की ते पुसले जाते. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आवाज येतो पण चित्र नाही, असे झाले तर चित्रफीत बहुधा नव्या एचईव्हीसी प्रकारात आहे; एच-२६४ मध्ये रूपांतर करून घ्या. आणि प्रश्नपत्रिका नेहमी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या शाळेच्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हे दिसतात.

पावसाळा, खारी हवा आणि वीज

कोकणात उपकरणे वापराने कमी आणि कपाटात जास्त बिघडतात. दमट हवेत प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी धरते, खाऱ्या हवेने केबलच्या पिना गंजतात. प्रोजेक्टर आणि केबल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून परत निळे करून घ्या. जून ते सप्टेंबर टीव्ही आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास लावा. आतल्या उष्णतेने दमटपणा जातो. गणपतीच्या सुट्टीआधी हे कोणाकडे ते नावानिशी ठरवा.

दिव्याचा प्रोजेक्टर थेट विजेवर चालवू नका. वीज गेली की पंखा थांबतो, दिवा तापलेलाच राहतो आणि त्याचे आयुष्य घटते. मध्ये यूपीएस किंवा इन्व्हर्टर हवाच. गडगडाट सुरू झाला की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि डिश किंवा इंटरनेटची वायरही काढा, कारण वीज त्या वाटेनेही येते. कातळावरच्या शाळेत अर्थिंग चांगले लागत नाही, ते वायरमनकडून मोजून घ्या.

मुलांच्या फोटोंबद्दलही याच दिवशी स्पष्ट बोला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. वर्गाचे फोटो शिक्षकाच्या स्टेटसवर जाऊ नयेत. पुरावा म्हणून फोटो मागण्याची सवय केंद्रानेही सोडावी.

पुढच्या परिषदेला

दुपारी प्रत्येक गट पंधरा मिनिटांचा पाठ घेतो. त्यात एकदा मुख्य बटण मुद्दाम बंद करा: वीज गेल्यावर पाठ पुढे कसा चालतो, हे तिथेच दिसते. बघणाऱ्यांनी दोनच नोंदी करायच्या: पडदा नसता तर मुलांना काय कळले नसते, आणि पडद्यामुळे कुठे वेळ वाया गेला.

महिन्याभराने प्रत्येक शिक्षकाने चित्रफीत किंवा अहवाल नव्हे, तर मुलांच्या वहीची दोन पाने आणावीत, एक समजलेल्या मुलाचे आणि एक न समजलेल्याचे. ज्या शाळेला काहीच करता आले नाही तिला जाब विचारू नका. मार्गदर्शकाने तिथे जाऊन, त्यांच्याच टीव्हीवर, त्यांच्याच मुलांसमोर तो पाठ शिक्षकासोबत घ्यावा. बहुतेक वेळा अडचण एखाद्या केबलची किंवा विसरलेल्या पासवर्डची निघते.