फळांची वाटी ग्रॅममध्ये बदलताना या चुका टाळा

आईच्या वहीत साखरांब्यापुढे एवढंच लिहिलंय: ‘कैरीचा कीस वाटीला साखर दीड वाटी.’ एका चैत्रात मी जाड किसणीचा कीस वाटीत हलक्या हाताने भरला. आई तो दाबून भरायची. महिन्याभरात बरणीच्या तळाशी साखरेचे खडे जमले. साखर मी वहीतल्याप्रमाणेच घातली होती, कैरी मात्र कमी पडली होती.

वाटीत फळाबरोबर हवाही भरली जाते, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. स्ट्रॉबेरीचं बघा. सुमारे २३७ मिलीच्या अमेरिकन कपात अख्खी फळं साधारण १४४ ग्रॅम बसतात, अर्धी केलेली १५२, चकत्या १६६ आणि गर तब्बल २३२ ग्रॅम. त्याच कपात साखर मावते २०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ‘कपाला कप’ म्हणून जॅम करायला घेतला, तर अख्ख्या फळांना साखर जवळजवळ दीडपट पडते आणि गराला ती फळापेक्षाही कमी. म्हणून ग्रॅम लिहिण्याआधी फळ अख्खं, चिरलेलं, किसलेलं की वाटलेलं, ते ठरवा. कृतीत ‘एक वाटी स्ट्रॉबेरी, चिरून’ असेल तर आधी मोजून मग चिरायची. ‘एक वाटी चिरलेली स्ट्रॉबेरी’ असेल तर चिरून मोजायची. या स्वल्पविरामाकडे फार कमी जण लक्ष देतात.

‘एक कप म्हणजे २४० ग्रॅम’ हे गणित पाण्यापुरतंच खरं आहे, ते फळांना लावू नका. कपही सगळीकडे सारखा नसतो. ऑस्ट्रेलियन कृतीतला २५० मिलीचा असतो. आपल्या वाट्यांबद्दल तर बोलायलाच नको! सगळे जिन्नस एकाच वाटीने घेतले तर प्रमाण निदान सांभाळलं जातं. निम्मे वाटीने आणि निम्मे पाकिटावरच्या ग्रॅमने घेतले की ते बिघडतं.

आंबा, फणस, सीताफळ यांचं वजन साल, कोय, बिया काढल्यावरच घ्या. बाजारातलं किलोभर म्हणजे किलोभर गर नव्हे. फ्रीजरमधली फळं गोठलेली असतानाच तोला. वितळल्यावर ती बसतात, वाटी अर्धी दिसते आणि आपण आणखी फळ घालतो. सुटलेलं पाणीही त्या वजनातलंच असतं, ते ओतून देऊ नका.

जॅम पातळ राहिला तर अंदाजाने साखर ओतू नका. आधी पुन्हा आटवून बघा. तुमच्या गावी पाणी ज्या तापमानाला उकळतं, त्याच्या चार-पाच अंश वर मिश्रण गेलं की जॅम धरतो. समुद्रकाठी हा आकडा १०५ अंश सेल्सिअसच्या जवळ येतो, महाबळेश्वरच्या उंचीवर बराच खाली. साखरांब्यात खडे झाले असतील तर थोडं पाणी आणि लिंबाचा रस घालून मंद आचेवर विरघळवा.

आपली वाटी एकदा काठोकाठ पाण्याने भरून तोला, पण रिकाम्या वाटीचं वजन आधी वजा करा. जितके ग्रॅम भरतील तितके मिली. मग नेहमीच्या फळाची तीच वाटी तीनदा भरा, तीनदा तोला आणि सरासरी काढा. माझ्या कपाटाच्या दाराला आतून तो कागद चिकटवलेला आहे. त्यावर कैरीच्या किसापुढे दोन आकडे आहेत, एक हलक्या हाताचा आणि एक आईच्या हाताचा.