शिकार किंवा मासा कापण्याआधी: रोगट आहे का, कसं ओळखाल?

सुरी काढण्याआधी जनावराकडे दोन मिनिटं नुसतं बघा. ते झोकांड्या खात होतं का? लाळ गळत होती? माणूस दिसूनही पळालं नाही? मग कापूच नका, वनखात्याला कळवा. आपोआप मेलेला पक्षी तर उघड्या हाताने उचलायचाही नाही.

कापायचं ठरलं की रबरी हातमोजे घाला. सशाचा टुलारेमिया हा जिवाणूंचा रोग सोलताना साध्या खरचटण्यातूनही अंगात शिरतो. पोट उघडताना पात्याची धार वर ठेवा आणि दोन बोटांनी कातडी उचलून धरा, म्हणजे आतडं फुटत नाही.

आता काळीज (यकृत) उजेडात धरा. निरोगी काळीज गडद तांबूस आणि गुळगुळीत असतं. त्यावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके, फुगलेली पांथरी (प्लीहा), छातीत पू किंवा गाठी दिसल्या तर थांबा. ‘तेवढा भाग काढून टाकू’ हा हिशेब मला पटत नाही. अख्खं जनावर टाका. आतडी कुत्र्यालाही घालू नका.

हरणांच्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या मेंदूच्या रोगातले प्रिऑन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) शिजवूनही नष्ट होत नाहीत. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, तरी हा रोग असलेल्या भागातलं हरीण तपासून घ्या आणि निकाल येईपर्यंत खाऊ नका. मेंदू, डोळे, पाठीचा कणा आणि पांथरीला हात न लावलेलाच बरा.

रानडुक्कर आणि अस्वलाच्या मांसात ट्रिचिनेला कृमी असू शकतात. खारवून किंवा धुरी देऊन ते हमखास मरत नाहीत, गोठवण्यावरही विसंबू नका. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापलं पाहिजे. रंगावरून अंदाज नको, थर्मामीटर खुपसा.

माशाच्या अंगावर व्रण किंवा गळू असेल तर तो फेकून द्या. कच्चा खायचा असेल तर कृमी मारण्यासाठी उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवा. शिजवायचा तर ६३ अंश पुरे. बांगडा, ट्यूना पकडल्याबरोबर बर्फात घाला, कारण उन्हात राहिलेल्या माशात तयार झालेलं हिस्टामिन हे विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही. काटा टोचला तर लगेच साबणाने धुवा.

सुरी आणि फळी आधी गरम पाणी-साबणाने घासा, मग ब्लीचच्या पाण्याने पुसा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, हात सुजला किंवा काखेत गाठ आली, तर डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगा की शिकार किंवा मासे कापले होते.