केबलचे पैसे वाढले आणि डबाही कुरकुरतोय? खिशात हात घालण्याआधी हे करा

वसुलीला आलेला मुलगा सांगतो, "काकू, या महिन्यापासून पन्नास रुपये वाढले." त्याच आठवड्यात टीव्हीवर चित्राचे चौकोनी तुकडे पडायला लागतात. फोन केला तर उत्तर ठरलेलं असतं, "डबा जुना व्हयना भो, आते नवा लेना पडी." मालिका बुडायला नको म्हणून घरातलं माणूस दोन्ही पैसे देऊन मोकळं होतं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं.

यातला डब्याचा, म्हणजे सेट-टॉप बॉक्सचा भाग अगदीच खोटा नसतो. डिजिटल केबल आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आलं. शहरांसाठी सरकारने ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत ठरवली होती आणि खेड्यांची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ वर गेली. त्या धांदलीत घरोघरी बसवलेले डबे आजही चालू आहेत. भुसावळच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आणि कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजवर इतकी वर्षं चाललेला डबा कधीतरी दमणारच. पण डबा दमला की त्याचा अडॅप्टर गेला, की गच्चीवरची वायर सडली, हे न बघता नवा डबा घेणं म्हणजे फुकटचा भुर्दंड. भाववाढ आणि बिघाड या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या वेगळ्याच हाताळा, आणि सुरुवात पैशांपासून करा.

पायरी १ : पावती मागा

"दर महिन्याला देतो ना, पावती कशाला?" ही सवय आधी मोडा. पावतीवर चार गोष्टी हव्यात: तुमचा ग्राहक क्रमांक किंवा डब्याचा नंबर, कुठल्या महिन्याचे पैसे, कोणता पॅक आणि एकूण रक्कम. डब्याचा नंबर त्याच्या मागे किंवा पोटाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, कारण वर्षानुवर्षांच्या धुळीने पट्टीवरचे आकडे पुसट होतात आणि तक्रार करताना पहिला प्रश्न त्याच नंबरचा येतो. ऑपरेटर पावती देत नसेल तर पैसे यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिना लिहा. तेवढा पुरावाही कामाला येतो.

पायरी २ : बिल फोडून बघा

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे फोन आणि केबलसाठी नियम करणाऱ्या सरकारी संस्थेची नवी दररचना लागू झाली. तेव्हापासून केबलच्या बिलात तीन भाग असतात. पहिला एनसीएफ, म्हणजे तुमच्या घरापर्यंत चॅनेल आणून देण्याचं शुल्क. दुसरा पैसे देऊन घेतलेल्या चॅनेलची किंमत. तिसरा या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

समजा, तुमच्याकडून महिन्याला ४०० रुपये घेतात. ४०० ला १.१८ ने भागा. उत्तर येतं साधारण ३३९. म्हणजे ६१ रुपये कर. उरलेल्या ३३९ मध्ये एनसीएफ किती आणि चॅनेलचे किती, हे ऑपरेटरला सांगता आलं पाहिजे. एनसीएफ १३० असेल तर चॅनेलचे २०९ होतात. मग २०९ रुपयांचे कोणते चॅनेल आपण घेतलेत, हा सरळ प्रश्न विचारा. बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर कुणालाच माहीत नसतं, आणि तिथेच पैसे गळतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सुरुवातीला १०० चॅनेलसाठी एनसीएफची कमाल मर्यादा १३० रुपये होती. २०२० मध्ये त्याच पैशांत २०० चॅनेल देणं बंधनकारक झालं. जुलै २०२४ मध्ये मात्र ट्रायने ही मर्यादाच काढून टाकली. डबा बसवणं, चालू करणं, दुरुस्तीला घरी येणं यांच्या आकारावरची मर्यादाही तेव्हाच गेली. त्यामुळे "एकशे तीसपेक्षा जास्त घेता येत नाही" असं म्हणून आज भांडायला गेलात तर तुमचीच बाजू लंगडी पडेल. पण कंपनीने, म्हणजे तुमच्या ऑपरेटरला चॅनेल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीने, हे सगळे दर जाहीर करायलाच हवेत, हे बंधन कायम आहे. तेव्हा "एवढे का घेता" याऐवजी "तुमच्या कंपनीचं जाहीर दरपत्रक दाखवा" असं म्हणा. दरपत्रक कंपनीच्या वेबसाइटवर ग्राहकांसाठीच्या विभागात सापडतं. डब्यावर ९९९ नंबर लावलात तर ग्राहकसेवेची माहिती दिसते. चॅनेलच्या यादीत प्रत्येक पैशाच्या चॅनेलपुढे त्याची महिन्याची किंमतही दिसायला हवी.

आणि केबलवाल्या भाऊंवर सगळा राग काढू नका. चॅनेलचे भाव चॅनेलवाले ठरवतात, पॅक कंपनी बनवते. गावातल्या ऑपरेटरच्या वाट्याला एनसीएफमधला हिस्सा येतो. वेगळा करार नसेल तर कंपनीला ५५ आणि ऑपरेटरला ४५ अशी वाटणी ट्रायने घालून दिली आहे. पावसात खांबावर चढणारा माणूस तोच असतो. त्याच्याशी गोडीने वागलात तर कामं लवकर होतात.

पायरी ३ : न बघितलेले चॅनेल काढा

आठवडाभर रिमोटशेजारी कागद ठेवा. घरातला जो जे चॅनेल पाच मिनिटांहून जास्त बघेल, त्याने नाव लिहायचं. आजींचं कीर्तन, मुलांचं कार्टून, कुणाचं क्रिकेट, सगळं. आठवड्याच्या शेवटी यादीत दहा-पंधरा नावं असतात आणि पॅकमध्ये पैशाचे पन्नास चॅनेल. कन्नड-तेलुगू चॅनेल, चार-चार क्रीडा चॅनेल, कधी न उघडलेले इंग्रजी सिनेमे पॅकमध्ये बसलेले असतात.

पैशाचं प्रत्येक चॅनेल सुटं विकत मिळालंच पाहिजे, असा नियम आहे. पॅकच घ्या, अशी सक्ती कुणी करू शकत नाही. तरी हिशोब दोन्ही बाजूंनी करा, कारण पॅकवर सवलत असते आणि सुट्या चॅनेलची बेरीज कधीकधी पॅकच्या वर जाते. पॅकमध्ये घालायच्या चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे यादीतले पैशाचे चॅनेल सात-आठच असतील तर बहुधा सुटे स्वस्त पडतात, आणि बारा-पंधरा असतील तर छोटा मराठी पॅक. बातम्यांचे आणि भक्तीचे कितीतरी चॅनेल मोफत असतात, ते पैशाच्या यादीत धरू नका. सह्याद्री तर द्यावंच लागतं.

एचडीचं वेगळं सांगतो. तुमचा डबा टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या तीन पिनांच्या वायरने जोडलेला असेल, तर त्या वायरमधून एचडी चित्र येतच नाही. जुन्या टीव्हीवर या वायरीने एचडी पॅक बघणारी घरं मी पाहिली आहेत. ते पैसे अक्षरशः पाण्यात जातात. एकतर एचडीएमआय वायर लावा, नाहीतर एचडी चॅनेल आजच बंद करायला सांगा.

घरात दोन टीव्ही असतील तर दुसऱ्या डब्याच्या एनसीएफमध्ये किती सूट आहे, हेही विचारा. न विचारता ती क्वचितच मिळते.

पायरी ४ : डबा खरंच गेलाय का, ते बघा

या पायरीवर वेळ द्या, कारण खरी बचत इथे आहे.

डबा मधूनच बंद पडून पुन्हा चालू होतो, कंपनीचं चिन्ह येऊन तिथेच अडकतो, लाल दिवा नुसताच लुकलुकतो. अशा वेळी आधी अडॅप्टरवर संशय घ्या. त्याच्या आतले छोटे कपॅसिटर उष्णतेने सुकतात किंवा फुगतात, आणि मग व्होल्टेज पुरेसं मिळत नाही. अडॅप्टरच्या अंगावर काय आउटपुट लिहिलंय ते वाचा. बहुतेक डब्यांना १२ व्होल्ट लागतात. गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मीटर असतो, तो मिनिटभरात मोजून सांगतो. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा थोडे जास्त चालतील, आणि पिन तशीच हवी. नव्या डब्याच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो. मोबाइलचा चार्जर मात्र कापून जोडू नका, तो ५ व्होल्टचा असतो.

डबा नीट चालू होतो, पण चित्र फुटतं, आवाज तुटतो, काही चॅनेलच गायब होतात. इथे संशय वायरवर घ्या. डब्याच्या मागची वायर काढा. स्क्रूचं टोक हिरवं-काळं पडलं असेल किंवा मधली तांब्याची तार वाकली, तुटली असेल तर टोक नव्याने करून घ्या. मग वायर धरत धरत गच्चीवर जा. आपल्याकडे धाब्यावरून (घराच्या सपाट छतावरून), पत्र्यावरून वायर उघड्याच लोळतात. उन्हाने वरचं काळं आवरण कडक होऊन तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरतं. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड हा सगळ्यात कच्चा दुवा. घरात दोन टीव्हींसाठी वाटणारा छोटा स्प्लिटर असेल तर तो काढून वायर थेट डब्याला लावा. चित्र सुधारलं तर दोष स्प्लिटरचा, कारण दोन वाटांचा स्प्लिटर सिग्नल निम्मा करूनच पुढे पाठवतो. वायर घरात शिरते तिथे तिला खाली थोडा झोळ ठेवा. पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता झोळाच्या टोकाला गळून जातं.

तरी उलगडा झाला नाही, तर एक हमखास उपाय आहे. तुमचा डबा उचला आणि शेजारी, त्याच केबलवाल्याच्या लाइनवर लावून बघा. तिथे तो ठणठणीत चालला तर तुमचा डबा चांगला आहे, दोष तुमच्या वायरीत आहे. तिथेही तसाच वागला तर दोष डब्यात किंवा अडॅप्टरमध्ये आहे. आणि शेजाऱ्यांचं चित्रही फुटत असेल तर गल्लीत सिग्नल वाटणाऱ्या नोडमध्ये किंवा तो वाढवणाऱ्या अँप्लिफायरमध्ये बिघाड आहे. तो दुरुस्त करणं हे कंपनीचं काम, त्यासाठी तुमच्याकडून एक रुपयाही मागता येत नाही.

डबा टिकवायचा असेल तर त्याच्यावरचं विणलेलं कापड काढा. बंद कपाटात किंवा दुसऱ्या गरम डब्यावर त्याला ठेवू नका. रात्री रिमोटऐवजी बटणाने बंद करा. रोहिणीच्या विजा कडाडू लागल्या की प्लगही काढा आणि मागची वायरही.

पायरी ५ : नवा डबा घ्यायचाच झाला तर

आधी ठरवा की आत्ताचा डबा कुणाचा. भाड्याचा असेल आणि तुम्ही तो फोडलेला-उघडलेला नसेल, तर बिघाड झाल्यावर दुरुस्त करून किंवा बदलून देणं ही कंपनीची जबाबदारी आहे. अनामत भरली असेल तर डबा परत करताना ती परत मागा. विकत घेतलेला असेल आणि वॉरंटी संपली असेल, तरच नव्या डब्याचा खर्च तुमच्यावर येतो.

पैसे देताना तीन गोष्टी लिहून घ्या: डबा विकत की भाड्याने, वॉरंटी किती, बसवण्याचा आकार किती. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या केबलवर चालत नाही, म्हणून "जुना डबा कुणाला विकून टाकू" या भरवशावर राहू नका. आणि वर्षाचे पैसे आगाऊ मागितले तर वर्षभर दर वाढणार नाही, हे पावतीवरच लिहून घ्या.

याच टप्प्यावर केबल ठेवायचं की नाही, याचाही विचार करा. घरात सह्याद्री, बातम्या आणि जुने सिनेमेच चालत असतील तर दूरदर्शनचं डीडी फ्री डिश बघा. डबा आणि छत्री (डिश अँटेना) एकदाच घ्यायची, महिन्याला काहीच द्यायचं नाही. आपल्याकडे त्याची छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसते, त्या दिशेला उंच झाड किंवा टाकी आड येत नाही ना ते पाहून घ्या. मोठ्या वाहिन्यांच्या नव्या मालिका मात्र तिथे मिळणार नाहीत. मालिका हव्याच असतील तर केबल सोडू नका, घरात रोज कुरबुर होईल.

पायरी ६ : ऐकून घेत नसतील तर

ऑपरेटरला तोंडी सांगून झालं की कंपनीच्या ग्राहकसेवा क्रमांकावर फोन करा आणि तक्रारीचा नंबर घ्या. नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. नंबर नाही तर तक्रार नाही, असंच समजा. सिग्नलच येत नसेल तर २४ तासांत आणि बिलाची तक्रार सात दिवसांत निकाली काढायची असते. तिथे दाद मिळाली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी द्या. त्याचं नाव-पत्ता कंपनीने जाहीर केलेला असतो. ट्रायकडे अर्ज पाठवण्यात वेळ घालवू नका. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाचं भांडण सोडवत नाही.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं. शेवटचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी तो आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. सोबत पावत्या, डब्याच्या नंबराचा फोटो, तक्रारीचा नंबर आणि फुटलेल्या चित्राचा तारखेसह व्हिडिओ जोडा. गल्लीतल्या पाच-सात घरांची तीच तक्रार असेल तर सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज आधी कंपनीला द्या. एकट्या घराला आठवडा लावणारी माणसं अशा अर्जावर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन येतात.