सड्याची निरीक्षणवही : एकाच जागेचे वर्षभर शास्त्रीय निरीक्षण कसे करावे

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत गावांच्या वरच्या अंगाला जांभ्या दगडाची विस्तीर्ण, सपाट पठारे आहेत. कोकणात त्यांना सडा म्हणतात. मे महिन्यात तिथे उभे राहिले, तर काळा पडलेला कातळ आणि पिवळे, मोडके गवत याखेरीज डोळ्यांना काही सापडत नाही, आणि त्यामुळेच अशा जमिनीची गणना पुष्कळदा पडीक म्हणून होते. तीच जागा ऑगस्टमध्ये पाहणाऱ्याला मात्र तळहाताएवढ्या खळग्यात चार-पाच जातींच्या वनस्पती एकमेकींना खेटून फुललेल्या दिसतात. सडा ओसाड आहे की संपन्न, हे एका भेटीत ठरवता येत नाही, आणि निसर्गातील बदलांचा अभ्यास करणाऱ्यांची सारी पद्धत याच अडचणीतून घडलेली आहे. तीच जागा, त्याच रीतीने, पुन्हा पुन्हा पाहायची आणि प्रत्येक वेळी किती पाहिले हेही लिहून ठेवायचे, हा त्या पद्धतीचा गाभा आहे. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. सड्याजवळ राहणाऱ्या कोणालाही वर्षभर करता येईल असे हे काम कसे करावे, ते येथे क्रमाने सांगितले आहे; माळ, तळे किंवा गावची देवराई निवडणाऱ्यालाही थोड्या फरकाने हीच रीत उपयोगी पडेल.

पहिली पायरी : जागा लहान, प्रश्न नेमका

संपूर्ण सडा अभ्यासायला घेऊ नये. शंभर मीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे एक हेक्टरचा तुकडा एका-दोघांना पुरेसा आहे. पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी महिन्यातून दोनदा जाता येईल इतका तो घराजवळ असावा, कारण दूरच्या सुंदर जागेपेक्षा जवळची साधी जागा अधिक वेळा पाहिली जाते. त्या तुकड्यात उघडा कातळ, उथळ मातीचे खळगे, पावसाळी डबके आणि कडेची थोडी झुडपे असे निरनिराळे भाग आले तर उत्तम. सडे बहुधा खाजगी किंवा सामाईक मालकीचे असतात, तेव्हा जमीनमालकांची आणि गावाची परवानगी आधी घ्यावी.

त्यानंतर प्रश्न ठरवावा. ‘सड्यावर काय काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर कधीच पुरे होत नाही. ‘डबक्यात पाणी किती दिवस टिकते आणि त्या काळात बेडकांची पिल्ले पूर्ण वाढतात का?’ किंवा ‘गुरे चरतात त्या आणि चरत नाहीत त्या भागांतील फुलझाडांत फरक आहे का?’ असा प्रश्न असेल, तर काय मोजायचे आणि काय सोडायचे हे आपोआप स्पष्ट होते.

दुसरी पायरी : मे महिन्यातील नकाशा

पावसाच्या आधी, जमीन उघडी असताना, तुकड्याचा नकाशा हाताने काढावा. मोबाईलमधील जीपीएस मोकळ्या जागीही काही मीटरने चुकू शकतो. जिथे एका पावलाच्या अंतरावर वनस्पतींचा संच बदलतो, तिथे एवढी चूक चालत नाही. म्हणून एखादा न हलणारा मोठा दगड किंवा जुना गडगा (दगड रचून केलेले कुंपण) खूण म्हणून धरावा आणि तिथून प्रत्येक ठिकाणाचे अंतर फीतपट्टीने व दिशा होकायंत्राने मोजून लिहावी. कातळावर तैलरंगाच्या खुणा करू नयेत. कोकणातील अनेक सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि त्यांपैकी कित्येक माती-गवताखाली झाकलेली असतात, त्यामुळे खोदणे आणि कोरणे कटाक्षाने टाळावे.

याच दिवसांत पाय जपून टाकावा लागतो, तो दोन कारणांसाठी. माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती अंडी खड्यांत इतकी बेमालूम मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, की आल्या वाटेने मागे फिरावे. दुसरे कारण फुरशाचे आहे. हा लहान, अत्यंत विषारी साप रत्नागिरीच्या सड्यांवर सर्रास आढळतो आणि दगडांच्या आडोशाला राहतो. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घालावेत आणि खाली काय आहे ते पाहण्यासाठी दगड हाताने कधीही उलटू नये.

तिसरी पायरी : वही

या कामातील सर्वांत महत्त्वाचे साधन वही आहे. अमेरिकेतील बर्कले येथील पृष्ठवंशीय प्राण्यांच्या संग्रहालयाचे पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल यांनी क्षेत्रनोंदींची एक काटेकोर शिस्त घालून दिली. १९१४ ते १९२० या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील योसेमिटी या डोंगराळ परिसरातील प्राण्यांची पाहणी केली आणि दिसलेल्या प्राण्यांबरोबरच कुठे किती सापळे किती रात्री लावले होते, हेही लिहून ठेवले. सुमारे ९० वर्षांनी शास्त्रज्ञ त्याच ठिकाणी परतले, तेव्हा लहान सस्तन प्राण्यांच्या अभ्यासलेल्या २८ जातींपैकी निम्म्या जातींच्या वावराच्या उंचीच्या सीमा सरासरी सुमारे ५०० मीटर वर सरकल्याचे त्यांना दिसून आले. हा निष्कर्ष काढता आला तो त्या सापळ्यांच्या हिशोबामुळे. एखादा प्राणी पूर्वी एखाद्या उंचीवर सापडला नव्हता, याचा अर्थ तो तिथे नव्हता की त्याला पुरेसे शोधलेच नव्हते, हे ठरवण्याचा दुसरा मार्ग नसतो. क्षेत्रकामाविषयी मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती, तर मी हीच सांगितली असती.

म्हणून प्रत्येक भेटीच्या नोंदीत तारीख, सुरुवातीची आणि शेवटाची वेळ, सोबत कोण होते, आभाळ, वारा व पाऊस कसा होता आणि कोणता भाग पाहिला, हे आधी लिहावे. काय दिसले ते त्यानंतर. काही दिसले नाही तर रकाना रिकामा न ठेवता शून्य लिहावे, कारण रिकाम्या रकान्यावरून पाहिलेच नाही की पाहून सापडले नाही, हे पुढे कोणालाही कळत नाही. शाई पावसात फुटते, त्यामुळे पेन्सिल वापरावी. चुकीची नोंद खोडरबराने न पुसता तिच्यावर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती करावी. डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाने जोडलेले वेगळे ठेवावे. ‘गवत एका बाजूला दबलेले, ताजे शेण’ हे निरीक्षण आहे, तर ‘गुरे सकाळी येऊन गेली’ हा तर्क आहे, आणि दोन्ही लिहिण्याजोगे असले तरी एका वाक्यात मिसळू नयेत. वनस्पती ओळखता आली नाही, तर अंदाजाने नाव देण्यापेक्षा ‘अनोळखी ३’ असे लिहून पान, फूल आणि खोड यांची मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत. नाव पुढच्या वर्षीही शोधता येते. चुकीचे नाव एकदा वहीत शिरले, की मात्र ते सहसा बाहेर निघत नाही.

चौथी पायरी : एकाच ठिकाणाहून छायाचित्र

तुकड्याच्या कडेला दोन-तीन जागा निश्चित कराव्यात. दीड मीटर उंचीची काठी टेकवून तिच्या टोकावर मोबाईल धरावा, झूम वापरू नये आणि क्षितिजावरचा एखादा डोंगर किंवा माड नेहमी चौकटीत त्याच जागी येईल असे पाहावे. पहिल्या छायाचित्राची छापील प्रत सोबत नेली, की जुळवणी सोपी होते. शक्यतो दर खेपेस दिवसाची वेळही तीच ठेवावी, कारण सकाळच्या तिरप्या उन्हातले गवत दुपारच्या गवतापेक्षा दाट भासते. अशी छायाचित्रे सुटी पाहिली तर कंटाळवाणी वाटतात, पण वर्षभराची ओळीने मांडली, की गवत कधी वाढले, कधी कापले गेले, वणवा कुठवर आला आणि शेजारची चिरेखाण किती पुढे सरकली, हे वादाला जागा न ठेवता दिसते.

पाचवी पायरी : चौकटी

वनस्पतींसाठी एक मीटर लांबी-रुंदीची चौकट प्लास्टिकच्या नळ्यांची करावी. जिथे फुले दाट दिसतात तिथेच ती ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि त्या मोहामुळे सडा प्रत्यक्षापेक्षा समृद्ध दिसू लागतो. चौकट पाठीमागे फेकूनही हा दोष पुरता जात नाही, कारण फेकणारा कुठे उभा राहायचे ते स्वतःच निवडतो. त्यापेक्षा नकाशावर दहा-दहा मीटरच्या घरांची जाळी आखावी, घरांना क्रमांक देऊन चिठ्ठ्या काढाव्यात आणि निघालेल्या दहा घरांत एकेक चौकट कायमची ठरवून ठेवावी. घर चिखलाचे किंवा निव्वळ दगडाचे निघाले तरी ते बदलू नये.

प्रत्येक चौकटीत कोणत्या जाती आहेत आणि प्रत्येकीने किती जागा व्यापली आहे, हे अंदाजे टक्क्यांत लिहावे. या चौकटीत दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस म्हणजे बरोबर एक टक्का, तेव्हा तेवढा पुठ्ठा कापून शेजारी धरला, की अंदाज बराच सुधारतो. दोघे असाल तर आधी आपापला आकडा गुपचूप लिहून मगच ताडून पाहावा.

सड्याचा क्रम पाहण्यासारखा असतो. पहिल्या पावसांबरोबर दीपकाडीची पांढरी फुले वर येतात. ही वनस्पती मुख्यतः कोकण-गोव्याच्या पट्ट्यातच आढळते. पुढे पाणी झिरपणाऱ्या कातळावर सीतेची आसवे, गेंद आणि दवबिंदू दिसू लागतात. यांपैकी सीतेची आसवे आणि दवबिंदू कीटकभक्षी आहेत, कारण या उथळ मातीत नत्र फार थोडे असते आणि ते त्यांना कीटकांपासून मिळवावे लागते. पाऊस ओसरता ओसरता गवत सर्वांना झाकून टाकते. हा क्रम टिपताना ‘पहिले फूल अमुक तारखेला दिसले’ एवढ्यावर विसंबू नये, कारण ती तारीख फुलाइतकीच आपल्या फेऱ्यांवर अवलंबून असते. आठवड्यातून एकदा जाणाऱ्यापेक्षा रोज जाणाऱ्याला फूल आधी दिसणारच. त्याऐवजी दहापैकी किती चौकटींत ती जात कळीवर, फुलावर किंवा बियांवर होती, हे दर खेपेस मोजावे. ही संख्या दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहता येते.

सहावी पायरी : पक्षी

सूर्योदयानंतरच्या दोन-तीन तासांत ठरलेल्या जागी उभे राहावे, आपल्या येण्याने झालेली गडबड शमण्यासाठी दोन मिनिटे शांत थांबावे आणि मग दहा मिनिटे दिसलेला व ऐकू आलेला प्रत्येक पक्षी, त्याच्या अंदाजे अंतरासह, लिहावा. अंतर महत्त्वाचे आहे, कारण उघड्यावर गाणारा चंडोल दुरूनही कळतो आणि झुडपातला लहानसा पक्षी जवळ असूनही सुटतो; अंतर लिहिलेले नसेल, तर पहिला विपुल आणि दुसरा दुर्मीळ असा खोटा निष्कर्ष निघतो. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नये.

सातवी पायरी : पाणी

सड्याचे सगळे जीवन पावसाच्या हिशोबावर चालते, तेव्हा तो हिशोब आपल्याकडे असावा. सरळ कडांचे, सपाट तळाचे भांडे उघड्या जागी ठेवून रोज सकाळी साडेआठला पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवसही याच वेळी बदलतो, त्यामुळे आपले आकडे जवळच्या केंद्राशी ताडता येतात. डबक्याच्या सर्वांत खोल जागी खुणा केलेली काठी उभी करून दर भेटीत खोली लिहावी. अंड्यांचे पुंजके, शेपटीवाली पिल्ले आणि पाय फुटलेली पिल्ले यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. पाऊस मध्येच आठवडाभर दडी मारतो तेव्हा डबके पाहणे चुकवू नये, कारण त्या खंडातच पिल्लांचे भवितव्य ठरते. बेडूक हाताळू नयेत. विजा चमकू लागल्या, तर काम अर्धवट टाकून लगेच खाली उतरावे, कारण उघड्या सड्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. नोंद अपुरी का राहिली, तेवढे मात्र वहीत लिहावे.

वर्षाच्या शेवटी

डिसेंबरपर्यंत कातळ पुन्हा उघडा पडतो आणि आकडे मांडायला सवड मिळते. या टप्प्यावर घाईने निष्कर्ष काढू नये. एका वर्षाच्या नोंदी बदल दाखवत नाहीत, त्या पुढच्या तुलनेसाठी पाया घालतात, आणि एखाद्या वर्षी फुले कमी आली तर त्याला त्या वर्षीचा उशिरा आलेला मोसमी पाऊस एवढेच कारण असू शकते. सालिम अलींनी १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीन संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली होती. केरळमधील पक्षी-अभ्यासकांनी २००९ मध्ये त्यांच्याच मुक्कामांचा माग काढत ती पुन्हा केली. हे शक्य झाले, कारण कुठे आणि कधी पाहिले, ते मूळ नोंदींत लिहिलेले होते.

वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. ई-बर्ड आणि आय-नॅचरलिस्ट ही निसर्गनोंदी जमा करणारी संकेतस्थळे आहेत; पक्ष्यांच्या याद्या पहिल्यावर आणि इतर नोंदी दुसऱ्यावर टाकता येतात. ई-बर्डवर यादी भरताना दिसलेले सर्व पक्षी नोंदवले आहेत का, असा प्रश्न येतो, त्याचे उत्तर खरे द्यावे. दुर्मीळ वनस्पतीची अचूक जागा मात्र उघड करू नये. शेवटची प्रत गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्यावी, कारण लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करण्याचे काम कायद्याने तिच्याकडे आहे. ती देताना सड्यावर गुरे नेणाऱ्यांना सोबत बसवून याद्या वाचून दाखवाव्यात. आपण ‘अनोळखी ३’ म्हणून लिहिलेल्या वनस्पतीला त्यांच्याकडे बहुधा नाव असते, आणि ते नाव, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन, त्याच नोंदीशेजारी तारखेसह लिहावे.