फाइल लिहिताना प्रोग्राम अडतो? या चुका टाळा

काटापावतीचे प्रोग्राम दुरुस्तीला येतात, त्यांत एक समज वारंवार दिसतो. फंक्शनच्या आधी ‘असिंक’ (हे काम वाट पाहताना बाकीच्यांना अडवणार नाही, अशी खूण) लिहिलं की आतलं सगळं आपोआप न अडता चालतं म्हणे. फाइलच्या बाबतीत तसं होत नाही.

दोन हंगामांपूर्वी वणीकडच्या एका जिनिंगमधून फोन आला, “भाऊ, काटा अटकून राह्यला जी.” दिवाळीनंतरचे दिवस, गेटबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग. जाऊन पाहतो तर ट्रॉली काट्यावरून उतरली, तरी स्क्रीनवर तिचंच वजन, ४१८० किलो. आठ-दहा सेकंदांनी आकडा एकदम शून्यावर. मागचा शेतकरी हे टक लावून बघत होता. मापाची आधीच धास्ती घेतलेल्या माणसासमोर असा आकडा उभा राहावा, हे मला सहन होत नाही.

काटा ठीकच होता. पायथनमधला एकच इव्हेंट लूप, म्हणजे सगळी कामं आळीपाळीने चालवणारा फेरा, इंडिकेटरचं (काट्याचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राचं) वजनही वाचायचा आणि ट्रॉलीचा फोटो बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवरही टाकायचा. जेवणाच्या सुट्टीत डिस्क झोपायची. सुट्टीनंतरच्या पहिल्या गाडीला, डिस्क फिरायला लागेपर्यंत फाइल उघडणारं ‘ओपन’ परतायचंच नाही आणि तोवर सगळा लूप उभा. लिहिणाऱ्या पोराने घाईघाईत ओ_नॉनब्लॉक (थांबून न राहता लगेच परत ये, असं सांगणारा पर्याय) लावून पाहिलं होतं. सॉकेटला, पाइपला त्याचा उपयोग आहे. लिनक्समध्ये डिस्कवरच्या साध्या फाइलवर नाही. वाचा-लिहायला कोण तयार आहे हे सांगणारा ‘पोल’ अशा फाइलला कायम तयारच म्हणतो आणि त्याच कामाचा ‘ईपोल’ तर ती घ्यायलाच नकार देतो. मॅन पेजवर, म्हणजे लिनक्सच्या माहितीपानावर, हे सगळं आहे, पण ते उघडायचा धीर कोणाला नसतो.

मी फाइलचं काम सरळ वेगळ्या थ्रेडला, म्हणजे प्रोग्राममध्येच लूपच्या जोडीने चालणाऱ्या दुसऱ्या धाग्याला देतो. पायथन ३.९ पासून त्यासाठी असिंकआयओमध्ये (इव्हेंट लूप पुरवणाऱ्या लायब्ररीत) ‘टू_थ्रेड’ आहे. ओपन, राइट, क्लोज तिन्ही एकाच फंक्शनमध्ये घालून पाठवा. नुसतं राइट हलवून ओपन लूपमध्ये ठेवलं तर दुखणं तिथंच राहतं. प्रोग्राम ताब्यात देण्याआधी डीबग मोड लावून दिवसभर चालवतो. १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लूप अडवणारं काम त्यात नावानिशी सापडतं.

जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये फाइलकामाला मुळात चारच थ्रेड असतात. चारही झोपलेल्या डिस्कवर अडकले की एसएसडीवरची फाइलही रांगेत.

लिनक्सच्या जुन्या एआयओला (न अडता वाचण्या-लिहिण्याच्या सोयीला) ओ_डायरेक्ट, म्हणजे मधला मेमरीतला साठा टाळून थेट डिस्कशी बोलण्याचा पर्याय, दिलं नाही तर काम सोपवतानाच अडू शकतं.

विंडोजमध्ये न अडता लिहिताना ९९७ हा एरर क्रमांक आला म्हणजे काम सुरू आहे. ती चूक समजून पुन्हा लिहायला जाऊ नका.

काहीजण थेट आयओ_युरिंगवर, म्हणजे लिनक्सच्या न अडता वाचण्या-लिहिण्याच्या नव्या सोयीवर उडी मारतात. २०१९ मध्ये लिनक्स ५.१ सोबत आलेली ही सोय खरोखर चांगली आहे, पण काम पूर्ण झाल्याचा निरोप येईपर्यंत बफरला (लिहायचा मजकूर ठेवलेल्या मेमरीच्या जागेला) हात लावायचा नाही. तोच बफर पुढच्या फोटोला वापरला की एका गाडीच्या पावतीवर दुसरीच ट्रॉली दिसते.

आणि राइट परतलं म्हणजे नोंद डिस्कवर पोचली असं धरू नका. ती अजून मेमरीत असू शकते. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. यूपीएस आहे म्हणून एफसिंक (मेमरीतली नोंद डिस्कवर पोचवूनच परतणारा आदेश) काढून टाकणं मला पटत नाही, कारण हंगामाच्या ऐन भरात त्याची बॅटरी बसलेली मी पाहिली आहे. एफसिंकही थ्रेडमध्येच करतो आणि ते परतल्यावरच पावती छापतो.