आठ फुटी फळीवरचे शंटिंग : नवख्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी

शिकागोजवळच्या आमच्या घराच्या तळघरात आठ फूट लांब आणि सोळा इंच रुंद अशी एक फळी भिंतीला लावलेली आहे आणि माझी सगळी मॉडेल रेल्वे त्या फळीवर आहे. प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे चार सांधे, शंटिंगचे म्हणजे डबे पुढेमागे करून जागी लावण्याचे एक इंजिन आणि अकरा वाघिणी, म्हणजे मालडबे, एवढाच संसार. गाडी कुठेही गोल फिरत नाही. तरीही तीन भरलेल्या वाघिणी कारखान्यात पोहोचवून तीन रिकाम्या बाहेर काढायचे एक काम पुरे होण्यास मला सव्वा तास लागतो आणि गेल्या सहा वर्षांत त्याचा कंटाळा आलेला नाही. जागा नाही म्हणून रेल्वेचा छंद पुढे ढकलणाऱ्या मराठी मित्रांसाठी हे लिहीत आहे.

माझी पहिली मांडणी याच फळीवर होती आणि ती फसली. तीत मी नऊ सांधे बसवले होते. जास्त सांधे म्हणजे जास्त काम, असा माझा समज होता. प्रत्यक्षात सांध्यांनीच इतकी जागा खाल्ली की कोणत्याही सायडिंगवर, म्हणजे वाघिणी उभ्या करायच्या बाजूच्या रुळावर, दोनपेक्षा जास्त वाघिणी उभ्या राहीनात आणि इंजिनाला पुढेमागे सरकण्यापुरताही सरळ रूळ उरला नाही. त्या हिवाळ्यात कार्यालयाजवळच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात येणारी मालगाडी मी जेवणाच्या सुट्टीत कुंपणाबाहेरून पाहू लागलो. तिथे मुख्य मार्गातून एकच सायडिंग फुटत होती आणि त्या एका रुळावर दोन माणसे तासभर काम करत होती. घरी येऊन मी पाच सांधे उखडले.

ती दोन माणसे काय करत होती, हे बारकाईने सांगितले पाहिजे, कारण सगळे वास्तव तिथेच आहे. गाडी सांध्याअलीकडे थांबते. कंडक्टर, म्हणजे चालकासोबतचा दुसरा कर्मचारी, खाली उतरतो, कुलूप काढतो, सांधा फिरवतो, सांध्याची सरकणारी पाती रुळाला नीट टेकली आहेत हे पाहतो आणि मग रेडिओवरून किती वाघिणींचे अंतर उरले आहे ते चालकाला सांगत राहतो. जोडणी ताशी ४ मैलांपेक्षा, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगापेक्षा, जास्त गतीने करायची नसते. जोडल्यावर थोडे मागे ओढून जोड पक्का झाल्याची खात्री करतात. हवेच्या ब्रेकची नळी जोडण्यासाठी दोन वाघिणींच्या मध्ये जाण्याआधी कंडक्टर संरक्षण मागतो. मग चालक ब्रेक लावतो, मोटारींना जाणारा वीजप्रवाह तोडतो, दिशेचा दांडा मधल्या स्थितीत आणतो आणि तसे कळवतो. त्यानंतरच तो माणूस आत पाऊल टाकतो. नळीत हवा भरेपर्यंत सगळे थांबतात. वाघीण सोडून जायची असेल तर आधी तिचा हातब्रेक आवळला जातो.

हे सगळे मॉडेलवर आणायला पैसा लागत नाही, संयम लागतो. ताशी ४ मैल हा वेग १:८७ प्रमाणात सेकंदाला साधारण दोन सेंटीमीटर होतो. म्हणजे एक मीटर रूळ पार करण्यास ५० सेकंद. पहिल्यांदा इंजिन या गतीने चालवले तेव्हा ते थांबले आहे की काय, असे मला वाटले होते. सांधा फिरवण्यासाठी मी मनातल्या मनात कंडक्टरला खाली उतरू देतो, प्रत्येक नळीसाठी अर्धा मिनिट थांबतो आणि तेवढाच वेळ प्रत्येक हातब्रेकला देतो. माझी आठ फुटांची फळी लांब वाटू लागली ती या थांबण्यामुळे.

नवख्यांना बहुतेकदा दोन प्रसिद्ध आराखडे सुचवले जातात. इंग्लंडच्या ॲलन राइट यांच्या इंगलनुकमध्ये तीन सायडिंग असतात. त्यांत अनुक्रमे पाच, तीन आणि तीन वाघिणी मावतात, शंटिंग नेकवर, म्हणजे पुढेमागे करण्यासाठी ठेवलेल्या टोकाच्या रुळावर, इंजिन आणि तीन वाघिणी मावतात आणि आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या पाच ठरलेल्या क्रमाने लावायच्या असतात. असे क्रम ६,७२० होतात. अमेरिकेच्या जॉन ॲलन यांचा टाइमसेव्हर मात्र घड्याळाशी शर्यत लावून सोडवायचे कोडे आहे. सांधे हाताळण्याचा सराव म्हणून इंगलनुक मला मनापासून आवडतो आणि केवळ चार फूट जागा असेल त्याने तोच करावा. टाइमसेव्हरची शिफारस मी करणार नाही. खरा कारखाना रूळ टाकतो तो काम सोपे व्हावे म्हणून, आणि घाई हा तर रेल्वेच्या आवारात अपघाताचा रस्ता आहे. मुद्दाम अडचणीचा केलेला रूळ दहा वेळा सोडवला की त्याचे उत्तर पाठ होते.

मग कोडे नाही, तर काम येते कुठून? ते येते मालातून. माझ्या फळीवर पाव तयार करणारा एक काल्पनिक कारखाना आहे. त्याच्या एकाच सायडिंगवर तीन ठरलेल्या जागा आहेत. पहिल्या जागी मैद्याची झाकलेली हॉपर वाघीण लागते. तिथे हवेच्या दाबाने मैदा नळीतून कोठारात खेचला जातो. दुसऱ्या जागी मक्याच्या पाकाची टाकी आणि तिसऱ्या जागी खाद्यतेलाची टाकी लागते. मैद्याची वाघीण तेलाच्या नळीसमोर उभी करून उपयोग नाही, त्यामुळे प्रत्येक वाघीण तिच्या जागी इंचभरही न चुकता उभी करावी लागते. आता समजा तेलाची टाकी रिकामी झाली, पण पाकाची अजून अर्धी भरलेली आहे. ती मध्ये उभी असल्याने तेलाची टाकी काढण्यासाठी तिलाही बाहेर ओढावे लागते आणि काम झाल्यावर पुन्हा तिच्याच जागी नेऊन लावावे लागते. थंडीत मक्याचा पाक घट्ट होतो, म्हणून अशा टाक्यांना वाफेने तापवण्याची सोय असते आणि उतरवण्यास वेळ लागतो. हे कळल्यापासून हिवाळ्यात मी पाकाची टाकी एक फेरी जास्त उभी ठेवतो. कोणती वाघीण अजून रिकामी झालेली नाही, हे मी फाशावर ठरवतो. प्रत्येक जागेसाठी एकदा फासा टाकायचा, एक किंवा दोन पडले की ती वाघीण परत लावायची. एवढ्या एका नियमाने एका सायडिंगचे काम दुप्पट झाले.

कामाचा कागद साधा ठेवावा. मी एका चिठ्ठीवर वाघिणीची अक्षरे, क्रमांक, प्रकार, भरलेली की रिकामी आणि कुठे न्यायची एवढेच लिहितो. अमेरिकन वाघिणीवरील अक्षरांच्या शेवटी एक्स असेल तर ती रेल्वे कंपनीची नसून खासगी मालकीची असते. टाक्यांवर हे एक्स जवळजवळ नेहमी दिसते.

आराखडा काढताना एक गोष्ट आधी समजून घ्यावी. गाडी ज्या दिशेने येते तिच्या दृष्टीने सायडिंग मागच्या बाजूला फुटत असेल, तर इंजिन सांधा ओलांडून पुढे जाते आणि वाघीण मागे ढकलून आत लावते. सायडिंग पुढच्या बाजूला फुटत असेल, तर वाघीण ओढत आत शिरलेले इंजिनच तिच्यापुढे अडकून पडेल. म्हणून आधी लूपमधून, म्हणजे दोन्ही टोकांना मुख्य मार्गाला जोडलेल्या समांतर रुळावरून, वळसा घालून इंजिन वाघिणींच्या दुसऱ्या टोकाला आणावे लागते. माझा लूप २८ इंचांचा आहे, कारण तीन वाघिणींची लांबी सुमारे २५ इंच होते. शंटिंग नेक दोन फुटांचा आहे आणि त्यात इंजिन व दोन वाघिणी बसतात. ही दोन मापे कागदावर नव्हे, तर खऱ्या वाघिणी फळीवर ठेवून ठरवावीत.

इतक्या मंद गतीत रुळावरचा प्रत्येक दोष उघडा पडतो. एनएमआरए या अमेरिकन संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ वाघिणीचे वजन एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस असावे. सहा इंची वाघीण त्या हिशेबाने ११३ ग्रॅमची हवी. माझ्या बऱ्याच वाघिणी हलक्या निघाल्या आणि आत वजन चिकटवल्यावर ढकलताना घसरणे जवळजवळ थांबले. सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा प्लास्टिकचा नसून धातूचा व वीज पोहोचणारा घ्यावा, नाहीतर छोटे इंजिन नेमके तिथेच बंद पडते. डीसीसी, म्हणजे इंजिनाचे डिजिटल नियंत्रण, असेल तर सीव्ही ३ आणि सीव्ही ४ या इंजिनातल्या सेटिंगांची मूल्ये वाढवावीत, म्हणजे इंजिन वजनदार असल्यासारखे सावकाश निघते आणि सावकाश थांबते. कपलिंग, म्हणजे वाघिणींमधला जोड, सोडवण्यासाठी मी बांबूची टोकदार काडी वापरतो.

मिरजेच्या यार्डात लहानपणी मी सांधेवाल्याला कंदील हलवताना पाहत असे. भारतात १९८० च्या दशकापासून मालवाहतूक पूर्ण रेकने, म्हणजे न तोडता नेल्या जाणाऱ्या अख्ख्या गाडीने, करण्यावर भर आला आणि एकेका वाघिणीचे ते शंटिंग आटत गेले, म्हणून आजचे भारतीय मालयार्ड करायचे असेल त्याने हे ध्यानात ठेवावे. जुन्या काळातले, चारचाकी वाघिणींचे एखादे स्टेशन घेतले तर आठ फुटांत कितीतरी जास्त काम मिळेल, कारण त्या वाघिणी लांबीने लहान होत्या. पुण्याच्या मित्रांनी खर्च करण्याआधी कोथरूडचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय एकदा पाहून यावे.

पहिल्या दिवशी एकच वाघीण घ्या. ती लूपवरून उचला, ठरलेल्या दारासमोर उभी करा, हातब्रेक आवळण्याइतका वेळ थांबा, कपलिंग सोडा आणि इंजिन एकटे परत आणा. माझ्याकडे या एका फेरीला अकरा मिनिटे लागतात.