पेटीतलं जुनं पत्र विरोधाचं आहे का, कसं ओळखायचं

खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जावा, जुन्या घरातल्या ट्रंकेत ब्रिटिश काळातली पत्रं निघतातच आणि घरातलं कुणीतरी सांगतं, आमच्या आजोबांनी ब्रिटिशांना विरोध म्हणून राजाचं तिकीट मुद्दाम उलटं लावलं होतं. असेल की. पण गडबडीत चिकटवलेलं तिकीटपण उलटं बसतं, त्यामुळं नुसत्या तेवढ्यावर जाऊ नका.

आधी एक करा, तिकीट सोडवू नका. पाण्यात घातलं की पत्ता, शिक्का सगळं गेलं, मग त्या सुट्या तिकिटाला कोण विचारत नाही. अख्खं पाकीट तसंच ठेवा, दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढा.

मग राजा बघा. पाचव्या जॉर्जला दाढी, सहावा गुळगुळीत. सहाव्याचं तिकीट 1937 च्या आधीचं नसतंच, म्हणजे 'सायमन गो बॅक' लिहिलेल्या पाकिटावर तो दिसला तर शंका घ्या, कारण सायमन कमिशन आलं 1928 ला.

आता शिक्का, खरी मजा इथंच आहे. स्वदेशी, बहिष्कार, चरखा, गांधीजी अशी घोषणेची लेबलं लोक पोस्टाच्या तिकिटाशेजारी नाहीतर मागं चिकटवायचे. असलं लेबल दिसलं की भिंग घ्या आणि शिक्क्याची शाई लेबलवरून पुढं पाकिटावर सलग गेलीय का बघा. गेली असेल तर पत्र तसंच पोस्टातून गेलंय. रेघ लेबलच्या कडेला तुटते आणि लेबल कोरं आहे? मग ते नंतर कुणीतरी डकवलंय, बहुतेक विकायला. तारीख ऑगस्ट 1942 नंतरची, चले जावच्या दिवसातली निघाली तर जरा जास्तच जपा.

'जय हिंद' ला लोक हमखास फसतात. हातानं लिहिलेलं, 15 ऑगस्ट 1947 च्या आधीचं, तर ते विरोधाचं म्हणता येईल. पण शिक्क्यातच जय हिंद असेल तर तो स्वतंत्र भारताच्या पोस्टानं मारलेला, शेजारी राजाचं तिकीट असलं तरी, कारण जुनी तिकिटं काही दिवस चालूच होती. सुभाषबाबूंच्या आझाद हिंदची तिकिटं जर्मनीत छापली खरी, पण टपालात कधी वापरलीच गेली नाहीत, त्यामुळं त्यावर बेळगावचा शिक्का दाखवून कुणी भाव सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

महायुद्धातल्या पाकिटाची कड फोडून वर पट्टी लावलेली असेल तर ती सेन्सॉरची, म्हणजे पत्रं उघडून तपासणाऱ्या सरकारी माणसांची, लिहिणाऱ्याचा त्यात काही हात नाही. आतला मजकूर मोडी लिपीत असला तर मोडी वाचणारं माणूस गाठा, खरं काय ते तिथंच कळतं.

गोव्याहून आलेली पत्रं वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. तिथं डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीज, तिकिटं वेगळी, शिक्केपण वेगळे.

सेलोटेप, लॅमिनेशन अजिबात नको. आपल्याकडचा पावसाळा माहीतच आहे, ओल लागली की पाकिटाचा गोंद सुटून सगळं एकमेकाला चिकटतं, म्हणून प्रत्येक पाकीट कोऱ्या कागदात सुटं गुंडाळा आणि पेटी भिंतीपासून लांब ठेवा.